शून्य ते नऊ कुणी ठरवलं

माझे वडील वर्गात फळ्याखाली उकिडवे बसले होते. पुढ्यात अठरा इंची पत्रा, हातात कातर. साठ पोरं बाकांवरून वाकून बघत होती. मागची तर उभीच राहिली होती. फळ्याशेजारी एक खुर्ची होती आणि तिच्यावर सरांची बॅग होती. सरांनी बॅग उचलली नाही. अब्बांनी खुर्चीकडे पाहिलंही नाही.

"हां चाचा, करा सुरू," सर म्हणाले. "आज तुमी सर, आमी पोरं."

वर्ग हसला. अब्बाही हसले. त्यांना वाटलं, सरांनी आपला मान केला.

मी तिसऱ्या बाकावर होते. बारावी सायन्स. धाराशिवातलं एक ज्युनिअर कॉलेज. नाव सांगत नाही. वाचणाऱ्याला आपापलं आठवेल.

हे घडलं माझ्या तोंडामुळे. आदल्या दिवशी मी वर्गात बोलले होते.

आम्ही ढोकीचे. कारखान्याच्या रस्त्याला अब्बांचं पत्र्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला रस्ता. बादलीचं बूड बदलायचं, नरसाळी करायची, पेट्यांच्या कड्या बसवायच्या. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाडासकट येतात, शेळ्या-कोंबड्या घेऊनच. त्यांना पाण्याची भांडी लागतात. अब्बा ती करतात. मी सहावी-सातवीपासून पत्रा धरायला आणि रेघा मारायला त्यांच्यासमोर बसत आले. हंगामात कॉलेज बुडायचं ते यामुळेच.

त्या दिवशी सर ॲब्सोल्यूट मॅक्झिमम आणि मिनिमम शिकवत होते. म्हणजे एखाद्या फंक्शनची, दिलेल्या हद्दीत, सगळ्यात मोठी किंमत कोणती आणि सगळ्यात लहान कोणती. सरांची रीत पक्की होती आणि चांगली होती, हे मी आजही नाकारत नाही. डेरिव्हेटिव्ह काढा. ते शून्य कुठं होतं ते बघा. मग हद्दीची दोन्ही टोकं घ्या. सगळ्या ठिकाणच्या किमती काढून शेजारी शेजारी मांडा. मोठी ती मॅक्झिमम, लहान ती मिनिमम. "टोकं विसरला तो मेला," असं सर दर तासाला म्हणायचे.

गणित पुस्तकातलंच होतं. अठरा बाय अठराचा चौकोनी पत्रा. चारी कोपऱ्यांतून एक्स बाजूचे चौकोन कापून टाकायचे, बाजू वर दुमडायच्या, बिनझाकणाचा डबा करायचा. जास्तीत जास्त पाणी मावायचं तर एक्स किती? सरांनी हद्द लिहिली, शून्य ते नऊ. शून्य कापलं तर बाजूच उभ्या राहत नाहीत, नऊ कापलं तर बूडच उरत नाही. म्हणून दोन्ही टोकांना पाणी शून्य. डेरिव्हेटिव्ह शून्य होतं तीनवर, आणि तीनवर घनफळ येतं चारशे बत्तीस. उत्तर तीन. सरांनी त्याला चौकट केली.

मी हात वर केला.

"सर, कोपरा कापत नाहीत. आत मुडपतात. कापला तर तिथनं गळतंय."

सर एका वाक्यात मिटवू शकले असते. कापा नाहीतर मुडपा, पाणी तेवढंच मावतं. खरंच तेवढंच मावतं. माझ्या बोलण्यानं त्यांचं उत्तर अर्ध्या इंचानंही हलत नव्हतं. पण ते वाक्य ते बोलले नाहीत. खडू ठेवला, हात झटकले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"तुझा बाप पत्र्याचं करतो न्हवं?"

"हो सर."

"उद्या घेऊन ये त्यांना. पत्रा बी आणायला सांग, अठराचा. आमाला बी शिकू दे की. तसं बी सहीला बोलवायचंच हाय."

सही कशाची, ते सगळ्या वर्गाला माहीत होतं. त्या आठवड्यात सर कमी मार्कांच्या पोरांना मॅथ सोडायला लावत होते. बोर्डाचे फॉर्म जायच्या आत विषय बदलून टाकायचा. कॉलेजच्या गेटवर सरांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, गणिताचा निकाल शंभर टक्के. तो शंभर टक्के असाच राखायचा असतो. जो नापास होईल असं वाटतं त्याला परीक्षेलाच बसू द्यायचं नाही. सर या कामाला निवडणं म्हणायचे. तांदळातले खडे निवडतात तसं. मला चाचणीत पंचवीसपैकी नऊ होते.

मला इंजिनिअरिंगला जायचं होतं. मॅथ गेलं की ते दार बंद. एका सहीत.

घरी मी अब्बांना अर्धंच सांगितलं. सरांना कोपरा कसा मुडपतात ते बघायचंय, एवढंच. फॉर्मचं बोलले नाही. भ्यायले म्हणा, नाहीतर लाज वाटली म्हणा. अब्बांना जो आनंद झाला तो बघून पुढचं तोंडातून निघेना.

त्यांनी दुकान बंद ठेवलं. ईद सोडून अब्बांचं दुकान बंद मी कधी बघितलं नव्हतं. जुम्म्याचे कपडे घातले. चांगल्यातला, पोचा न पडलेला पत्रा काढला, अठरावर कापला आणि चारी कडांवरून कानस फिरवली. पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. शेजारच्या चहावाल्याला म्हणाले, "कॉलेजात बोलवलंय. पोरास्नी दाखवायला." एसटीत तो पत्रा पेपरात गुंडाळून दोन्ही गुडघ्यांत धरून बसले होते. कंडक्टरनं विचारलं तर त्यालाही सांगितलं.

म्हणून ते फळ्याखाली बसले होते. उस्ताद म्हणून बोलावलंय, असं समजून.

"कोपरे कापा आधी," सर म्हणाले.

"न्हाई सर. कापत न्हाई आमी. कोपरा कापला की डबा मेला."

"पुस्तकात कापा म्हणून लिवलंय."

"लिवलं आसंल," अब्बा म्हणाले, आणि त्यांनी कातर बाजूला ठेवून लाकडी हातोडा घेतला.

चारी बाजूंनी चार-चार इंचांवर रेघ ओढली. बाजू उभ्या केल्या. कोपऱ्याचा जास्तीचा पत्रा चिमटीत धरला, आत दाबला, वळवला, बाजूवर ठोकून बसवला. एक कोपरा. दुसरा. हातोडा फार मोठा आवाज करत नव्हता. वर्ग गप्प झाला होता. खरं सांगते, ती दोन-तीन मिनिटं साठ पोरं त्या हातांकडे बघत होती आणि कुणालाही हसू येत नव्हतं. माझा ऊर भरून आला होता.

सरांना ते सोसलं नाही.

"किती वर्षं करताय चाचा?"

"तीस-पस्तीस व्हतील."

"मग सांगा बरं, जास्तीत जास्त पाणी मावायला किती मुडपायचं?"

अब्बांनी मान वर केली. प्रश्न त्यांना अर्धवट वाटला. गिऱ्हाइकाला विचारतात तसं त्यांनी विचारलं, "कशाला पायजे ते सांगा की सर. शेळीला आसंल तर चार. कोंबडीला दोन."

आधी पुढच्या बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं. सर फळ्याकडे वळले. आदल्या दिवशीचं उत्तर पुसलं नव्हतं. त्याच्या शेजारी त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, एक्स बरोबर शेळी. मागून कुणीतरी बेंऽऽ केलं. मग सगळा वर्गच फुटला. बाक वाजवले. कोंबडीचा आवाज काढला.

"उत्तर तीन हाय चाचा," सर हसत हसत म्हणाले. "पस्तीस वर्षं चुकताय तुमी."

आणि मी हसले.

कुणी मला जबरदस्ती केली नव्हती. शेजारची पल्लवी माझ्याकडे बघून हसत होती, मी तिच्याकडे बघून हसले. तोंड उघडून, दात दाखवून. नाही हसले तर सगळे माझ्याकडे बघतील असं वाटलं. हसले तर मी त्यांच्यातली, खाली बसलेला तो माणूस वेगळा. इतका हिशोब मी एका क्षणात केला. गणितात नऊ मार्क पडणाऱ्या पोरीनं.

अब्बांनी ते पाहिलं.

त्या गोंधळातच म्हणाले, "पाणी हाय का कुणाकडं?" आमच्या दुकानाची ती रीत आहे. भांडं पाणी भरून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. एका पोरानं बाटली दिली. अब्बांनी डब्यात पाणी ओतलं, डबा एका हातावर उचलला आणि दुसऱ्या हाताचा तळवा बुडाखालून, चारी कोपऱ्यांखालून फिरवला. तळवा कोरडा होता. तो त्यांनी सरांपुढे धरला. सर फळा पुसत होते.

मग सरांनी टेबलावरचा कागद ओढला, विषय सोडायचा फॉर्म.

"सही येते का अंगठा?"

"येते की. कशाचं हाय सर?"

"पोरीला गणित झेपत न्हाई. सोडून द्या. तुमच्यात पोरी लवकर उजवता, कशाला डोक्याला ताप?"

साठ पोरांसमोर. एवढं बोलून त्यांनी पेनाचं टोपण काढून दिलं. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर अजून ते हसू होतं, पुसायचं राहून गेलेलं. ते मला काहीतरी विचारत होते आणि मी बाकाकडे बघितलं. त्यांनी सही केली. त्यांना नाव लिहायला वेळ लागतो. तेवढा वेळ सर घड्याळाकडे बघत उभे होते.

खाली विद्यार्थिनीच्या सहीची जागा होती. तास संपला म्हणून ती राहिली. सरांनी कागद माझ्या हातात दिला. "उद्या सही करून आण." डबा त्यांनी ठेवून घेतला. खडूला होईल म्हणाले.

येताना एसटीत अब्बा पुढं बसले, मी मागं. ढोकीला उतरून ते सरळ दुकानात गेले. जुम्म्याच्याच कपड्यांत कामाला बसले. मी समोर जाऊन बसले. हातातलं काम न थांबवता ते बोलले.

"तू बी हँसी ना गे."

"हौ, अब्बा."

"कायकू?"

का हसलीस, एवढंच. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि आजपर्यंत विचारलेलं नाही.

मला तिथून उठता येईना. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, शेळीला चारच का? अब्बांनी सांगितलं, पण माझ्याकडे न बघता, दुकानात नव्यानं आलेल्या कामगाराला सांगावं तसं. चारच्या आत उथळ केलं की शेळी त्यात पाय घालते आणि भांडं उलटवते. सहाच्या वर खोल केलं की करडाचं तोंड पाण्याला पोचत नाही. कोंबडीचं वेगळं. एकापेक्षा उथळ केलं तर पाणी उन्हात आटतं. दोनपेक्षा खोल केलं तर पिल्लू बुडून मरतं.

मी दप्तरातून वही काढली. सरांचीच रीत धरली. घनफळाचं फंक्शन तेच, पत्रा तोच अठराचा. फक्त हद्द बदलली. शेळीसाठी चार ते सहा. डेरिव्हेटिव्ह शून्य कुठं होतं? तीनवर आणि नऊवर. दोन्ही हद्दीबाहेर. मग उरली फक्त टोकं. चारवर चारशे. सहावर दोनशे सोळा. मॅक्झिमम चारवर. कोंबडीसाठी एक ते दोन. एकवर दोनशे छप्पन्न, दोनवर तीनशे ब्याण्णव. मॅक्झिमम दोनवर.

शेळीला चार. कोंबडीला दोन. अब्बांनी फळ्याखाली बसून जे सांगितलं, तेच.

पस्तीस वर्षांत अब्बा एकदाही चुकले नव्हते. सरांचं तीनही चूक नव्हतं. पण ते शून्य ते नऊचं उत्तर होतं. ज्यांत शेळी पाय घालते, पिल्लू बुडतं, अशीही भांडी त्या हद्दीत मोजली होती. कारण पुस्तकातलं ते भांडं कुणालाच वापरायचं नव्हतं.

मला आनंद झाला नाही. संताप आला. आधी स्वतःचा, मग सरांचा. टोकं विसरला तो मेला म्हणणाऱ्या माणसानं अब्बांची टोकं विचारलीच नव्हती. हद्द आपण ठरवायची, उत्तर आपणच काढायचं, आणि दुसऱ्याला साठ पोरांसमोर चुकीचा ठरवायचं. आणि मी त्याला टाळी दिल्यासारखी हसले होते.

मी वही अब्बांपुढे धरली. म्हणाले, "अब्बा, तुम सही थे." त्यांनी वहीकडे बघितलं आणि म्हणाले, मला माहीत आहे. मग म्हणाले, उजेड अडवू नकोस, सरक.

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आत मी फळ्यावर लिहिलं. पत्रा अठरा. हद्द चार ते सहा. खाली सगळ्या पायऱ्या, सगळ्या किमती. सर आले. उभ्यानं वाचू लागले. मी त्यांचे डोळे बघत होते. ते प्रत्येक ओळीवर थांबले, शेवटच्या ओळीवर जास्त वेळ थांबले. त्यांना कळलं होतं. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, त्यांना कळलं होतं.

त्यांनी डस्टर घेतला आणि पुसून टाकलं.

"हे पुस्तकात न्हाई. फॉर्म दे."

"सर, शून्य ते नऊ कुणी ठरवलं?"

"फॉर्म दे."

"सही केली नाही. करणार नाही."

"बापानं केलीय."

"मी करणार नाही. मॅथ माझं आहे."

"मग भाईर हो."

"बाहेरही जाणार नाही."

सर खुर्चीत बसले. बॅग मांडीवर घेतली. म्हणाले, "ही भाईर जात न्हाई तवर म्या शिकवणार न्हाई." आणि मोबाईल काढला.

पुढची तीस-पस्तीस मिनिटं मी विसरू शकत नाही. आधी कुजबुज. मग पुढच्या बाकावरून, "जा की गं, आमचं कशाला नुकसान?" मग मागून शेळीचा आवाज. पल्लवीनं माझं दप्तर उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवलं. हळूच म्हणाली, "जा ना, प्लीज." ती वाईट पोरगी नव्हती. कालपर्यंत मीही तीच होते. मी दप्तर खाली ठेवलं आणि बसून राहिले. तास संपला तेव्हा सर उठले आणि माझ्याकडे न बघता गेले.

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सर शिकवायला लागले, कारण पोरांच्या घरून फोन येऊ लागले होते. माझ्यासाठी कुणी फोन केला नव्हता. फॉर्म माझ्या सहीवाचून पडून राहिला आणि बोर्डाला माझं नाव मॅथसकट गेलं. त्यानंतर सरांनी माझी वही एकदाही तपासली नाही. मी हात वर केला की ते खिडकीबाहेर बघायचे. वर्ष संपेपर्यंत. वर्गात शिकवणाऱ्या माणसानं महिनोन्महिने न बघणं म्हणजे काय, ते सोसल्याशिवाय कळत नाही. मी पास झाले. किती मार्क पडले ते सांगणार नाही. मार्कांवर हे तोलून बघायची सवय मी कुणाला लागू देणार नाही.

आज मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या शहरात राहते. अब्बा दुकानात आहेत, हंगामात भांडी करतात. माझ्याशी बोलतात, जेवलीस का विचारतात. पण निकालाच्या दिवशी ते कॉलेजात आले नाहीत. सुट्टीत मी पत्रा धरायला समोर बसले तर म्हणतात, राहू दे, माझं मी करतो. मी माफी मागितली. ते हं म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि मी तशी अपेक्षा ठेवायचं सोडून दिलंय.

मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला. आवाज एकदम गोड. कॉलेजात कार्यक्रम आहे, पुढं गेलेल्या मुलींनी बारावीच्या पोरांशी बोलायचं आहे, तू ये. मग ते हसून म्हणाले, "आनी तो चाचांचा किस्सा सांग गं. शेळीचा. लई हसतेत पोरं. दरवर्षी सांगतो मी."

दरवर्षी. म्हणजे गेली तीन वर्षं, दर बॅचला, माझ्या बापाला त्या फळ्याखाली बसवलं जातंय. मी इथं शिकत होते आणि तिथं ते चालूच होतं.

मी हो म्हणाले.

मी जाणार आहे. अब्बांना नेणार नाही. त्यांना पुन्हा कुणासमोर बसवायचं नाही. मी एकटी जाणार, आणि सर पुढच्या रांगेत असतील तेव्हा सगळं सांगणार. मान केल्यासारखं बोलावणं, जुम्म्याचे कपडे, तुमच्यात पोरी लवकर उजवता हे वाक्य, जसंच्या तसं. माझं हसणंही सांगणार, कमी न करता. मग फळ्यावर चार ते सहा लिहून सरांना वर बोलावणार आणि पोरांसमोर विचारणार, हे गणित चूक आहे की बरोबर. एकाच शब्दात सांगा. आणि बरोबर असेल, तर माझ्या वडिलांवर तीन वर्षं पोरांना का हसवलंत, ते सांगा.

ते म्हणतील, वेळ संपला. म्हणू देत. उत्तर मिळाल्याशिवाय मी माईक सोडणार नाही.